कंसात मावलेला खेळ
नोंदीच्या दोन साच्यांची समीक्षा

आमच्या शाळेत बुद्धिबळाचे एक छोटे मंडळ होते. शनिवारी दुपारी आठ-दहा मुले जमत. प्रत्येक डावाच्या खेळ्या वहीत लिहायच्या हा नियम होता आणि मुले तो बऱ्यापैकी पाळत. डाव संपला की खरी मजा सुरू होई. "बाई, इथे मी उंट न हलवता घोडा हलवला असता तर?" मग मोहरी मागे घ्यायची, घोडा हलवून पाहायचा, त्यावर दुसऱ्याने काहीतरी सुचवायचे, पुन्हा मागे यायचे. हे सगळे वहीत लिहिणे अवघड जाई, म्हणून शाळेने बुद्धिबळाची एक विकतची आज्ञावली घेतली होती तिच्यात आम्ही ते साठवू लागलो. दोन वर्षे हे चालले. पुढे संगणक बदलला. नव्या यंत्रावर ती आज्ञावली चालेना आणि तिच्या फाइली दुसऱ्या कशातही उघडेनात. उघडून पाहिले तर नुसत्या चित्रविचित्र चिन्हांची रांग.

वह्या कपाटात होत्या, त्यामुळे डाव वाचले. पण वहीत फक्त जे खेळले गेले तेवढेच होते. 'असे खेळलो असतो तर' हा भाग, म्हणजे मुलांचा सगळा विचार, त्या फाइलींबरोबर गेला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. खेळाची नोंद कशी ठेवली म्हणजे ती आज्ञावलीपेक्षा जास्त टिकेल? हा प्रश्न आपल्याआधी अनेकांना पडला आहे आणि त्याची निदान दोन चांगली उत्तरे उपलब्ध आहेत. एक बुद्धिबळवाल्यांचे, दुसरे 'गो' हा पूर्वेकडचा खेळ खेळणाऱ्यांचे. दोन्ही उत्तरे साध्या मजकुराच्या फाइलींची आहेत, दोन्ही तीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत. या लेखात त्यांचे गुणदोष तपासायचे आहेत. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे नोंदीच्या साच्याचे परीक्षण करता येते, आणि मला वाटते शिक्षकांनी तर ते जरूर करावे. कारण प्रश्नपत्रिका असो की निकालपत्रक, साचे बनवण्याचे काम आपण रोजच करत असतो.

रांग आणि झाड

आधी अडचण नीट समजून घेऊ. खेळला गेलेला डाव ही एक रांग असते. पहिली खेळी, दुसरी, तिसरी. रांग लिहायला काहीच कौशल्य लागत नाही, एकाखाली एक लिहीत जायचे. पण डावाचा अभ्यास ही रांग नसते, ते झाड असते. चौथ्या खेळीला एक फांदी फुटते, त्या फांदीला पुढे आणखी फांदी. आता कागद किंवा फाइल म्हणजे तर सरळ पट्टी. अक्षरामागून अक्षर एवढेच तिच्यात मावते. झाड पट्टीत कसे बसवायचे, हा आपला प्रश्न.

याचे उत्तर आपण पाचवी-सहावीच्या गणितात रोज शिकवतो. ते म्हणजे कंस. कंसातला कंस आधी सोडवा, असे सांगताना आपण मुलांना झाडच वाचायला शिकवत असतो. प्रश्न फक्त एवढाच उरतो की कंस नेमका कुठे उघडायचा. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या प्रश्नावर आपल्या दोन साच्यांचे रस्ते वेगळे होतात.

बुद्धिबळाचा साचा

पहिल्या साच्याचे नाव 'पोर्टेबल गेम नोटेशन', थोडक्यात पीजीएन. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी तो १९९३ मध्ये मांडला. संगणकावर बुद्धिबळाची चर्चा करणाऱ्या मंडळींत तो आधी पसरला आणि १९९४ मध्ये त्याचा सविस्तर मसुदा तयार झाला. त्या काळी प्रत्येक आज्ञावली आपापल्या पद्धतीने डाव साठवी आणि एकीचे दुसरीला कळत नसे. आमच्या शाळेवर जी पाळी आली ती तेव्हा सगळ्यांवरच आली होती.

या साच्यात डावाच्या डोक्यावर सात ओळी येतात. स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा खेळाडू, काळा खेळाडू आणि निकाल. प्रत्येक ओळ चौकोनी कंसात, आत नाव आणि अवतरणचिन्हांत माहिती. मसुद्यात उदाहरण म्हणून फिशर आणि स्पास्की यांचा १९९२ चा बेलग्रेडमधला डाव घेतला आहे. तारीख ४ नोव्हेंबर, फेरी २९, निकाल बरोबरी. हे वाचायला कुठलीही आज्ञावली लागत नाही. सातवीतला मुलगाही वाचून सांगेल की कोण कोणाशी खेळले आणि काय झाले.

या शिरोभागातली एक गोष्ट मला फार आवडते. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहायची आणि जो भाग माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्हे टाकायची. वर्ष १९९२ ठाऊक आहे पण महिना-दिवस ठाऊक नाही, तर '१९९२.??.??' असे लिहायचे. जागा रिकामी ठेवायची नाही आणि अंदाजाने १ जानेवारीही ठोकून द्यायचा नाही. 'माहीत नाही' हीसुद्धा एक माहिती आहे आणि तिला नोंदीत हक्काची जागा हवी. आपल्या शाळांतल्या दाखल्यांवर किती मुलांचे वाढदिवस १ जूनला येतात हे आठवले, की या प्रश्नचिन्हांचे मोल कळते.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे साच्याच्या दोन पातळ्या. वाचताना सैल, लिहिताना काटेकोर. माणसाने हाताने लिहिलेल्या फाइलीत जागा कमीजास्त सुटली, खेळीचे क्रमांक राहून गेले, तरी आज्ञावलीने ते समजून घ्यावे. पण आज्ञावलीने स्वतः फाइल लिहिताना मात्र प्रत्येक टिंब ठरल्या जागीच द्यावे. दोन वेगळ्या आज्ञावल्यांनी तोच डाव लिहिला तर अक्षर न अक्षर तेच यावे, अशी अपेक्षा. मुलांच्या वह्या तपासताना आपण जो समजूतदारपणा दाखवतो आणि फळ्यावर स्वतः लिहिताना जी शिस्त पाळतो, तोच हा नियम.

मग दोष काय? मला चार दिसतात.

पहिला दोष खेळीच्या लिखाणात आहे. बुद्धिबळपटू खेळी थोडक्यात लिहितात, मोहऱ्याचे अक्षर आणि ते ज्या घरात गेले त्याचे नाव. घोडा कुठून निघाला हे लिहीत नाहीत. दोन्ही घोडे त्या घरात जाऊ शकत असतील तरच कुठला घोडा ते सांगायचे. पीजीएनने ही रूढी तशीच उचलली. पण आता गंमत पाहा. दोन घोड्यांपैकी एक हलला तर स्वतःच्या राजाला शह बसत असेल, तर तो घोडा नियमाने हलूच शकत नाही. मग घोडा एकच उरला, म्हणून कुठला ते लिहायचे नाही! म्हणजे फाइलीतले एक चिमुकले अक्षर वाचायला वाचणाऱ्याला बुद्धिबळाचे सगळे नियम यावे लागतात आणि पहिल्या खेळीपासूनचा पट डोळ्यांसमोर असावा लागतो. माणसाला हे जमते, कारण तो पट मांडूनच बसलेला असतो. पण ज्याला नुसते झाड मोजायचे आहे, त्यालाही आधी बुद्धिबळ शिकावे लागते. 'कुठून कुठे' अशी दोन घरे लिहिली असती तर हा प्रश्न आला नसता. २००० साली आलेल्या यूसीआय या संकेतात, ज्यातून बुद्धिबळाची इंजिने पट दाखवणाऱ्या आज्ञावल्यांशी बोलतात, तसेच करतात. अर्थात पीजीएनच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. नियम वापरून वाचल्यामुळे चुकीची खेळी बऱ्याचदा लगेच पकडली जाते. तरीही मला वाटते की तपासणी वाचनानंतर करावी, वाचण्याची अट म्हणून नव्हे.

दुसरा दोष फांद्यांचा. पीजीएनमध्ये पर्यायी खेळ्या गोल कंसात लिहितात, पण तो कंस मूळ खेळी लिहून झाल्यावर येतो. अर्थ असा, की नुकतीच वाचलेली खेळी मागे घ्या आणि तिच्याऐवजी हे खेळून पाहा. पुस्तकात वाचताना हे सहज वाटते. यंत्राला मात्र आधी खेळी करून मग ती पुसावी लागते. याचे उदाहरण पुढे देतो.

तिसरा दोष माझ्या मते सर्वांत मोठा आहे. शिरोभागात सात ओळींखेरीज आणखी हव्या तेवढ्या ओळी वाढवता येतात. पण ही सोय संपूर्ण डावासाठी आहे, एकेका खेळीसाठी नाही. या खेळीनंतर घड्याळात किती वेळ उरला हे लिहायचे असेल तर त्याला नाव असलेली जागाच नाही. पुढे ही गरज पडली तेव्हा लोकांनी काय केले? माणसांसाठी असलेल्या महिरपी कंसातल्या टिपणीत यंत्रासाठी खुणेचे शब्द घुसवले. आज बहुतेक फाइलींत घड्याळाचा वेळ असाच टिपणीच्या पोटात सापडतो. निकालपत्रकात हजेरीचा रकाना नसला की आपण 'शेरा' या रकान्यात हजेरी लिहू लागतो, तसे हे झाले. शेऱ्याचा शेरा राहत नाही आणि हजेरीची बेरीजही करता येत नाही. भर म्हणजे या टिपणीत महिरपी कंसात दुसरा महिरपी कंस बसत नाही, आणि बंद होणारा कंस मजकूर म्हणून लिहिण्याची काही सोयही नाही.

चौथा दोष लिपीचा. १९९४ च्या मसुद्याने अक्षरसंच धरला तो पश्चिम युरोपातल्या भाषांचा. मोहऱ्यांची अक्षरे इंग्रजी. इतर भाषांतल्या अक्षरांचा तक्ता मसुद्यात दिला आहे, त्यात सतरा-एक भाषा आहेत, पण सगळ्या युरोपातल्या. ज्या खेळाचा उगम भारतात मानला जातो, त्याच्या नोंदीच्या साच्यात एकही भारतीय भाषा नाही. इंग्रजीत राजा आणि घोडा या दोघांच्या नावांचे आद्याक्षर एकच, म्हणून घोड्याला दुसरे अक्षर द्यावे लागले. मराठीत राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. र, व, ह, उ, घ. पाचही वेगळी! तरीही इथे मी एडवर्ड्स यांना फारसा दोष देणार नाही. साठवणुकीसाठी जगभर एकच अक्षरे ठेवली म्हणूनच ब्राझीलचा डाव चेन्नईत वाचता येतो. आणि सर्व लिप्यांना सामावणारी युनिकोड पद्धती १९९१ मध्ये नुकतीच प्रसिद्ध झाली होती, तिचा प्रसार व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. मोहऱ्यांचे ठीक आहे. पण खेळाडूचे नाव देवनागरीत लिहिण्याची काहीच तरतूद नसावी, ही उणीव मात्र उणीवच.

गोचा साचा

दुसरा साचा 'स्मार्ट गेम फॉर्मॅट', थोडक्यात एसजीएफ. झुरिचच्या तंत्रविद्यापीठात आन्डर्स कीरुल्फ खेळांच्या आज्ञावल्यांवर संशोधन करत होते. त्यांचा प्रबंध १९९० चा आहे आणि गो व ऑथेल्लो हे दोन खेळ त्यात अभ्यासासाठी घेतले आहेत. एसजीएफचे मूळ त्या कामात आहे. पुढे मार्टिन म्यूलर आणि नंतर आर्नो होलोसी यांनी त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या केल्या. चौथी आवृत्ती आज सर्वत्र चालते.

कीरुल्फ यांनी सुरुवातच झाडापासून केली. त्यांचे सगळे व्याकरण पाच वाक्यांत सांगता येते. फाइल म्हणजे एक किंवा अधिक झाडे. झाड म्हणजे गोल कंसात गाठींची एक रांग आणि तिच्यापुढे शून्य किंवा अधिक झाडे. गाठीची सुरुवात अर्धविरामाने. गाठीत कितीही गुण. गुण म्हणजे नाव आणि चौकोनी कंसात किंमत, किमती एकापेक्षा जास्त असू शकतात. संपले. खेळ कोणता, पट केवढा, नियम काय, यातले काहीही माहीत नसताना या पाच वाक्यांवर फाइल वाचून झाड उभे करता येते.

दोन्ही साच्यांची तुलना करायला आपण फुल्ली-गोळा घेऊ. वर्गातल्या प्रत्येकाला तो येतो. घरांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली १ ते ९ असे क्रमांक द्या. फुल्ली मधल्या ५ व्या घरात. गोळा २ मध्ये, ही चूक. मग फुल्ली १, गोळा ९ देऊन अडवतो, फुल्ली ७ घेते आणि आता ३ व ४ अशा दोन्ही घरांकडून तीन जुळायला आले. गोळा ४ अडवतो, फुल्ली ३ घेऊन जिंकते. गोळ्याने २ ऐवजी १ घेतले असते तर? फुल्ली ९, गोळा ३, आणि डाव सावरतो. पण तिथेही गोळ्याने ३ ऐवजी २ घेतले, तर फुल्ली ३ घेते आणि पुन्हा दोन्हीकडून कोंडी.

हे पीजीएनच्या पद्धतीने, खेळीचे क्रमांक गाळून आणि आपली अक्षरे घालून, असे दिसेल:

फु५ गो२ (गो१ फु९ गो३ (गो२ फु३)) फु१ गो९ फु७ गो४ फु३

आणि एसजीएफच्या पद्धतीने असे:

(;फु[५]
  (;गो[२];फु[१];गो[९];फु[७];गो[४];फु[३])
  (;गो[१];फु[९]
    (;गो[३])
    (;गो[२];फु[३])))

पहिली ओळ वाचून बघा. छोटी आहे, सुटसुटीत आहे. पण कंस उघडताच थांबून विचार करावा लागतो, 'गो१' हे 'गो२' नंतर आहे की त्याऐवजी आहे? नियम माहीत असला तर उत्तर येते, नुसत्या रचनेवरून येत नाही. शिवाय खरी खेळली गेलेली रांग मधेच तुटते आणि कंसाच्या पलीकडे पुन्हा सुरू होते. टिपण्या वाढल्या की तो दुसरा तुकडा अर्ध्या पानावर जातो.

दुसऱ्या मांडणीत कंस तिथेच उघडतो जिथे फांदी फुटते. ५ नंतर दोन शक्यता, म्हणून दोन कंस शेजारी शेजारी. पहिला कंस म्हणजे मुख्य डाव हा संकेत. वाचणाऱ्याला काही पुसावे लागत नाही. घरातली मडक्यांची उतरंड आठवा. कंस उघडला की त्या वेळच्या पटाचे एक मडके उतरंडीवर ठेवायचे, कंस मिटला की सर्वांत वरचे मडके काढून तिथून पुढे जायचे. उतरंड रिकामी झाली की झाड वाचून झाले. कंस उरले किंवा कमी पडले तर फाइलीत चूक आहे, हेही त्यातच कळते.

आता घड्याळाचा प्रश्न घ्या. गोळ्याने चुकीची खेळी घाईत केली का, हे पाहण्यासाठी उरलेला वेळ नोंदवायचा आहे. एसजीएफमध्ये त्या गाठीतच आणखी एक गुण जोडायचा, जसे ;गो[२]वेळ[४०]टीप[इथे चुकला]. टिपणी टिपणीच्या जागी, वेळ वेळेच्या जागी. माहिती ज्या पातळीची असेल त्या पातळीवर तिला नावाची जागा, हे उतरंडीच्या कुठल्याही नोंदीतले मुख्य तत्त्व आहे आणि एसजीएफने ते पहिल्यापासून पाळले. त्याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. ज्या गुणाचा अर्थ तुमच्या आज्ञावलीला कळत नाही तो फेकून देऊ नका, फाइल परत लिहिताना जसाच्या तसा ठेवा. हा नियम साधा आहे, पण त्याच्यामुळे उद्याच्या फाइली आजच्या आज्ञावलीच्या हातून खराब होत नाहीत. फाइल कुठल्या आवृत्तीची आहे हेही फाइलीतच लिहिलेले असते आणि अक्षरसंच कुठला तेही. त्यामुळे चौथ्या आवृत्तीत देवनागरी टिपण्या नियमाला धरून लिहिता येतात. पीजीएनच्या सात ओळींत आवृत्तीला जागा नाही.

मग एसजीएफ निर्दोष आहे का? तसे नाही. आपल्या नमुन्यात मी 'वेळ', 'टीप' असे शब्द घातले. खऱ्या साच्यात गुणांची नावे बहुतेक एकदोन अक्षरी आहेत आणि तक्ता समोर ठेवल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. पीजीएनचा शिरोभाग नवखा माणूस वाचू शकतो, एसजीएफचा वाचू शकत नाही. दुसरे, गोच्या पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा, म्हणजे ३६१ बिंदू. छापील पटांवर स्तंभांना इंग्रजी अक्षरे देताना एकासारखे दिसते म्हणून 'आय' हे अक्षर वगळण्याची रूढी आहे. एसजीएफ ते वगळत नाही. त्यामुळे पटावर बोट ठेवून फाइल वाचणारा माणूस नवव्या स्तंभापाशी हमखास अडखळतो. तिसरे, साच्याने सगळ्या खेळांसाठी असण्याचा दावा केला. प्रत्येक खेळाला क्रमांक आहे. गो १, ऑथेल्लो २, बुद्धिबळ ३. पण बुद्धिबळवाल्यांनी तो स्वीकारला नाही. साचा सर्वांचा व्हावा असे वाटत असेल तर तो सर्वांना आपला वाटावा लागतो. गो खेळणाऱ्यांनी केलेला, गोच्या सवयींनी घडलेला साचा बुद्धिबळपटूला परकाच राहिला.

निवाडा

दोन्हींना शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. पीजीएनने माणसापासून सुरुवात केली आणि यंत्राला सांगितले, तू शिकून घे. एसजीएफने झाडापासून सुरुवात केली आणि माणसाला सांगितले, तू शिकून घे. व्यवहारात पहिला साचा कितीतरी जास्त पसरला. लिचेस हे विनामूल्य बुद्धिबळाचे संकेतस्थळ २०१३ पासूनचे डाव दर महिन्याला सर्वांसाठी खुले करते, ते काही अब्ज डाव पीजीएनमध्येच आहेत. तेव्हा 'दोष होते म्हणून साचा टिकला नाही' असे म्हणायची सोय नाही. वाचता येणे हा गुण एवढा मोठा आहे की तो इतर बऱ्याच चुका पोटात घालतो.

पण पसरला म्हणून चुका चुका राहत नाहीत असेही नाही. खेळीच्या पातळीवर नावाची जागा ठेवली नाही याची किंमत गेली कितीतरी वर्षे प्रत्येक नवी आज्ञावली लिहिणारा देतो आहे. टिपणीच्या पोटातून खुणेचे शब्द वेचून काढणे हे काम त्याला करावे लागते आणि प्रत्येकाच्या खुणा थोड्या वेगळ्या. माझे मत असे, की शिरोभाग पीजीएनचा, अज्ञाताची प्रश्नचिन्हे पीजीएनची, वाचताना सैल आणि लिहिताना काटेकोर हा नियमही पीजीएनचा घ्यावा. पण खोड आणि फांद्या एसजीएफच्या घ्याव्यात. गुणांची नावे मात्र पूर्ण शब्दांत असावीत. दोन अक्षरे वाचवून जी जागा वाचते ती आज कोणालाच नको आहे.

कोणी विचारील की आज जेसनसारखे तयार साचे असताना हा खटाटोप कशाला? तयार साचा कंस कुठे उघडायचे ते सांगतो, पण कुठली माहिती कुठल्या पातळीची हे सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. तिथे चुकले तर कुठलाही कंस मदतीला येत नाही.

वर्गासाठी

हे सगळे संगणकाशिवाय शिकवता येते. चौघाचौघांचे गट करा. पहिल्या गटाने फुल्ली-गोळ्याचा एक डाव खेळून त्याचे झाड काढावे, निदान तीन फांद्यांचे. मग ते एका ओळीत लिहून ओळ तेवढी दुसऱ्या गटाला द्यावी. दुसऱ्या गटाने ओळीवरून झाड पुन्हा काढावे. दोन झाडे जुळली तर साचा चांगला. जुळली नाहीत तर चूक लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची की साच्याची, यावर मुलांना भांडू द्या. ते भांडण फार उपयोगी असते. एकदा मुलांना स्वतःचा साचा बनवू द्या आणि नंतर त्यांना सांगा, आता प्रत्येक खेळीला लागलेला वेळही लिहायचा आहे. ज्यांचा साचा न मोडता ही भर घेतो त्यांनी पातळ्यांचा विचार केला होता असे समजा.

आमच्या मंडळात आता वहीच्या डाव्या पानावर डाव आणि उजव्या पानावर कंसातल्या फांद्या लिहायची पद्धत पडली आहे. महिन्यातून एकदा कोणीतरी ते साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवतो. गेल्या वर्षी संगणक पुन्हा बदलला. फाइली उघडल्या. एका डावात एक कंस मिटायचा राहिला होता तो एका मुलीने बोटाने मोजून शोधून काढला.